हिरवी राख

उसाची गाडी रुळांवरून घसरली ती नेमकी रस्त्याच्या मधोमध, आणि बुलिलेकाहून लबासा गावाकडे निघालेली सकाळची बस तिच्यापुढे मुकाट उभी राहिली. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की हे चालायचंच. बसमधले लोक शांतपणे खाली उतरले, कुणी सावली धरली, कुणी विडी पेटवली. जॅक घेऊन माणसं येणार, डबे उचलून रुळांवर ठेवणार, मग गाडी हलणार. तोवर घाई करून उपयोग काय?

हे शहाणपण नीलेशनीला जन्मात जमलेलं नव्हतं. ती शिंप्याच्या दुकानात शाळेचे गणवेश शिवायची. नऊला दुकान उघडायचं होतं आणि पिशवीत बारा स्कर्ट होते, काजं करायची राहिलेले. ती उसाने भरलेल्या शेवटच्या डब्याला वळसा घालून तरातरा पलीकडे गेली. गाडी कुणी घसरवली ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

पलीकडे आंब्याखाली इंजिनाचा ड्रायव्हर बसला होता. एकटाच. मांडीवर आइस्क्रीमचा जुना डबा, त्यात रोटी आणि भाजी. खात मात्र नव्हता. दोन बोटांच्या चिमटीत तो भाजीतलं कोथिंबिरीचं एकेक पान धरायचा, अलगद उचलायचा आणि शेजारच्या लाकडी पट्टीवर नेऊन ठेवायचा. आधीची पानं तिथे एका रांगेत होती. त्यांच्या पुढे कांद्याची रांग.

नीलेशनी भांडायला आली होती, ते विसरूनच गेली.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

तो दचकला. पटकन हात मागे घेतला. आभाळातून रात्री जाळलेल्या उसाची काळी राख तरंगत येतच होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "राख… राख पडलीय जेवणात."

"हिरवी राख?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग पट्टीवरच्या रांगेकडे. त्याचे कान हळूहळू लाल झाले, आधी उजवा, मग डावा. नीलेशनीला गंमत वाटली.

"आमच्याकडे असते कधीकधी," तो म्हणाला.

"आणि कांदा? तोही शेतातून जळून आला वाटतं?"

"तुम्ही… या ना जेवायला." त्याने डबा पुढे केला.

त्या मुलखात कुणासमोर डबा उघडला की हे म्हणावंच लागतं. रस्त्याने जाणाऱ्या परक्यालाही म्हणतात. पण नीलेशनी काही साधीसुधी पोरगी नव्हती. "म्हणजे तुम्हाला नको असलेलं मी खाऊ?"

तेवढ्यात इंजिनाच्या मागून एरोनी आला. गाडीवरचा त्याचा जोडीदार, दरवाज्यात मावणार नाही असा गडी. पिढीजात या बेटाच्याच मातीतला, इथल्या मूळ रहिवाशांपैकी, पण लबासाच्या बाजारात वाढलेला, त्यामुळे आपले पणजोबा उसाच्या मजुरीला येताना बोटीतून घेऊन आले ती भाषा आपल्यापेक्षा खडखडीत बोलायचा. त्याने डबा बघितला आणि हात पँटला पुसले.

"ये एरोनी, जेवायला," ड्रायव्हर घाईघाईने म्हणाला. डबा त्याच्या हातात गेला. दोन मिनिटांत रिकामा.

"बघितलंत दीदी?" एरोनी बोटं चाटत म्हणाला. "रोनील गौंडर म्हणजे राजा माणूस. स्वतः उपाशी राहील, पण दुसऱ्याला घालेल. सगळी लाइन म्हणते, असा मोठ्या मनाचा माणूस नाही."

रोनील गौंडरने मान खाली घातली. नीलेशनीने त्याच्याकडे बघितलं, लाकडी पट्टीकडे बघितलं, आणि सगळ्या लाइनीला जे कळलं नव्हतं ते तिला उभ्या उभ्या कळलं.

"घरचं आवडत नाही का?" एरोनी जरा दूर गेल्यावर तिने हळूच विचारलं.

"आवडतं की. मला सगळंच आवडतं."

"खोटं बोलताना कान झाकून घेत जा." ती हसली. "माझ्या हातचं खाऊन बघा. एक पान जरी बाजूला काढलंत, तर नाव बदलीन."

"नाव छान असेल तर कशाला बदलायचं?" तो म्हणाला. "…काय आहे नाव?"

नीलेशनीने ते सांगितलं नाही. सगळं पहिल्याच दिवशी सांगायचं नसतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बस फाटकापाशी थांबली, तेव्हा पलीकडे रिकाम्या डब्यांची गाडी उभी होती आणि बसच्या उघड्या बाजूतून एक हात बाहेर आला. हातात निळ्या झाकणाचा डबा होता. झाकणावर शाईने लिहिलं होतं: नीलेशनी.

मग ते रोजचंच झालं.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. कधी भेंडी, कधी चुलीत भाजलेल्या वांग्याचा चोखा, कधी नारळाच्या दुधातली भाजी, डबाबंद माशाची तिखट करी, गुरुवारी कढी-भात. पहाटे उठून ती रांधायची. बसमधून एक हात वर जायचा, इंजिनावरून दुसरा खाली यायचा, आणि त्या अर्ध्या मिनिटात अख्खी बस श्वास रोखून बघायची. संध्याकाळी परतताना डबा यायचा, घासून पुसून लख्ख. आणि कधीच रिकामा नसायचा. एकदा पिकलेला पेरू. एकदा चाफ्याची दोन फुलं. एकदा नुसता एक कागद: 'आज तुमची बस चार मिनिटं उशिरा होती.'

तो कागद नीलेशनीने गणवेशाच्या मापांच्या वहीत ठेवून दिला. चार मिनिटं कुणी मोजतं का?

"कसं होतं आजचं?" ती विचारायची.

"छान होतं."

"काय छान होतं?"

"…सगळंच."

ऐंशी दिवस तेच उत्तर! इथेच तिच्या लक्षात यायला हवं होतं. इतकी तिखट डोळ्यांची मुलगी, पण लख्ख डबा बघून तिचे डोळे दिपले. आजवर त्याला चांगलं रांधून घालणारं कुणी भेटलंच नाही, दोष होता तो इतरांच्या हातात, असं तिने बिनदिक्कत ठरवून टाकलं. गर्व कुणाला चुकलाय!

बुलिलेकात बातमी बसच्या आधी घरी पोचते. ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी नीलेशनी घरात शिरली तेव्हा तिची माई ओसरीवर दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती.

"इंजिनवाल्याला डबा देतेस म्हणे."

"हो, देते."

"लाज नाही वाटत?"

"लाजेसारखं काय आहे त्यात? डाळ-भात आहे."

आत आजी सुपात तांदूळ निवडत होती. ती खुदकन हसली. माईने तिकडे दुर्लक्ष केलं. नवरा गेल्यापासून घर आणि शेत दोन्ही माईच्या अंगावर होतं. शेताचा भाडेपट्टा दोन वर्षांनी संपत होता, मग जमीन ज्यांची त्यांच्याकडे परत जाणार, आणि हे लोक कुठे जाणार ते देवालाच ठाऊक. म्हणून सिडनीहून आलेलं स्थळ तिने जपून ठेवलं होतं. मुलाचा फोटो देव्हाऱ्याशेजारी होता. गेल्या वर्षी मुलाने इथे येऊन, आजीने केलेलं सगळं खाऊन, वर ढेकरही दिली होती.

"तो गौंडरांचा मुलगा," माई म्हणाली, "ज्या काकीच्या घरी वाढला, तिच्याकडूनच ऐकलंय मी. ताटात चिवडतो. नीलू, माझं एक ऐक. जो अन्नाला नावं ठेवतो, तो उद्या बायकोलाही नावं ठेवतो."

"माझ्या हातचं सगळं खातो. एक शीत टाकत नाही."

"खातो?"

"डबा बघ!" नीलेशनीने डबा माईच्या नाकापुढे धरला. डबा खरंच आरशासारखा होता.

माईने तो उलटसुलट करून पाहिला. मग तिने जो पेच टाकला तो तिच्यासारख्या बाईलाच सुचावा. "ठीक आहे. येऊ दे रविवारी. आजी सैना करेल. आपल्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर त्याने ताट संपवलं, तर मी सिडनीला नाही म्हणून कळवते. नाही संपवलं, तर लग्नाच्या बाबतीत तू पुन्हा तोंड उघडायचं नाही. आहे कबूल?"

"कबूल!" नीलेशनी म्हणाली. एका क्षणाचाही विचार न करता.

सैना म्हणजे अळूच्या पानांना बेसन लावून, गुंडाळून, उकडून, तळून केलेल्या वड्या. आजीच्या सैनासाठी लोक दोन नद्या ओलांडून यायचे.

हे झालं मंगळवारी. गुरुवारी फाटकावर बस थांबली, तर इंजिनावर एरोनी एकटा होता. रोनील मागच्या डब्याची साखळी बघायला गेला होता. नीलेशनीने डबा वर केला. एरोनीने तो दोन्ही हातांनी, प्रसाद घ्यावा तसा घेतला.

"गुरुवार! कढी ना?" त्याने आपल्या पोटावर थाप मारली. "वहिनी… वहिनी म्हटलं तर चालेल ना? हे बघा. हंगाम सुरू झाला तेव्हा हा पट्टा तिसऱ्या भोकात लागायचा. आता शेवटच्यात. सगळी तुमची कृपा."

"माझी?"

"मग? रोनीलचं मन माहीत आहे ना तुम्हाला. डबा उघडतो, 'ये एरोनी जेवायला' म्हणतो, आणि अख्खा डबा माझ्यापुढे. स्वतः नुसती चहाबरोबर बिस्किटं खातो. मी म्हणतो, अरे दोन घास घे. तर म्हणतो, तू खा, मला सकाळचंच जड झालंय. मग डबा घासतो मात्र स्वतः. मला हातही लावू देत नाही."

बस सुरू झाली. नीलेशनीने आपला हात अजून बाहेरच धरला होता. शेजारच्या बाईने तो आत ओढून घेतला.

ऐंशी दिवस. पहाटे साडेचारला उठून केलेल्या ऐंशी भाज्या. तिला रडू आलं आणि रडू आलं याचा तिला इतका राग आला की दुकानात तिने एका पोराच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

शुक्रवारी तिने डबा दिला. त्याने वरून विचारलं, "आज काय आहे?" ती म्हणाली, "तुमच्या आवडीचं." आणि तोंड फिरवलं.

शनिवारी दुकान दुपारी बंद व्हायचं. मालक गेला होता, नीलेशनी एकटी दोरे गुंडाळत होती, तेव्हा दारात सावली पडली. रोनील. अंगावर कामाचेच कपडे, हातात निळ्या झाकणाचा डबा.

"यात काही नव्हतं," तो म्हणाला.

"होतं की. तुम्ही खाता तेवढं होतं."

त्याने हातातल्या डब्याकडे बघितलं. बाहेर कारखान्याच्या मळीचा गोड, आंबूस वास रस्ताभर पसरला होता आणि साळुंक्या कर्कश भांडत होत्या.

"एरोनी बोलला."

"एरोनी निदान बोलतो तरी!" नीलेशनीने दोऱ्याचं रीळ आपटलं. "पहिल्याच दिवशी सांगायचं, भेंडी आवडत नाही. मी काय फाशी दिली असती? ऐंशी दिवस, 'छान होतं'! 'सगळंच छान होतं'! माझ्या तोंडावर म्हणायचं, नको. एवढासा शब्द आहे. दोन अक्षरं."

"मला तो म्हणता येत नाही."

"का? जीभ अडखळते?"

तो शिलाई मशीनच्या समोरच्या बाकावर बसला. डबा मांडीवर घेऊन, त्या पहिल्या दिवशीसारखा. "मी चार वर्षांचा असताना आई गेली," तो म्हणाला. "मग मामाकडे होतो. वाईट नव्हतं कुणी. पण घरात सहा पोरं आणि माझं ताट सातवं. मी सात वर्षांचा होतो, एक दिवस मामीने भेंडी वाढली, मी नको म्हटलं. रडून म्हटलं. मामी काही बोलली नाही. ताट उचललं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पिशवी भरलेली होती. काकीकडे पाठवलं मला."

नीलेशनीच्या हातातला दोरा सुटला.

"आता कळतं, त्यांचं आधीच ठरलं असणार. शाळा काकीकडे जवळ होती. पण तेव्हा… मला वाटलं, भेंडीमुळे पाठवलं." तो हसला, हसण्यासारखं काही नसताना. "मग पुन्हा कधी नको म्हटलं नाही. कुणालाच. अन्न गुपचूप नाहीसं कसं करायचं ते शिकलो. कुत्रा असतो, खिसा असतो, एरोनी असतो."

तिचा राग कुठे गेला ते तिलाही कळलं नाही. पण ती नीलेशनी होती, डोळे पुसतानाही हनुवटी वर.

"मग आवडतं तरी काय तुम्हाला?"

तो गोंधळला. "कुणी… विचारलं नाही असं."

"मी विचारतेय."

"रोटी," तो सावकाश म्हणाला. "कडेला जराशी करपलेली. बटाटा, नुसता हळदमिठाचा. आंब्याचं लोणचं. पण…"

"पण?"

"पण ते एकमेकांना लागता कामा नये."

नीलेशनी बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, थांबेचना. "अरे देवा! नवरी मुलगी एवढे नखरे करत नाही!" हसता हसता ती 'तुम्ही'वरून 'तू'वर घसरली ते दोघांच्याही लक्षात आलं, आणि दोघांनीही आलं नाही असं दाखवलं. "आणि उद्या काय करणार आहेस? आजी सैना करतेय."

"खाईन."

"अळू आवडतं?"

"घसा खाजतो. लहानपणापासून." त्याने मान सरळ केली. "पण खाईन. सगळं संपवीन, ताट चाटून देईन तुझ्या माईला. तुझ्यासाठी काहीही गिळेन. नीलेशनी, मला… तू आवडतेस. फार आवडतेस."

किती महिने तिने या वाक्याची वाट पाहिली होती! ऐकताक्षणी गालांवर ऊनही चढलं. पण त्याच उन्हात एक काटाही निघाला.

"भेंडीही आवडते म्हणाला होतास," ती म्हणाली.

तो थिजला.

"नाही, ऐक. चेष्टा नाही करत. तुला सगळंच छान वाटतं. भेंडी छान, कढी छान, मी छान. ज्या तोंडातून कधी नको निघत नाही, त्या तोंडातला हो मी खरा कसा धरू? उद्या मी नकोशी झाले तर तू सांगशील? की मलाही गुपचूप एरोनीकडे सरकवशील?"

"नीलेशनी!"

"उद्या तू सैना गिळलास, तर माई हो म्हणेल." तिचा आवाज कापला, पण ती थांबली नाही. "पण मी नाही म्हणेन. आधीच सांगून ठेवते. जन्मभर माझ्या घरात पाहुणा म्हणून राहणारा नवरा मला नको. बघ, मला म्हणता येतं."

"आणि नाही खाल्ला तर तुझी माई नाही म्हणेल."

"हो."

"मग मी करू काय?"

"ते तुझं तू ठरव," नीलेशनी म्हणाली, आणि दुकानाचं दार ओढून घेतलं. बस गाठायची होती. बसमध्ये बसल्यावर तिला कळलं की आपण स्वतःच्या हाताने दोन्ही दारं बंद करून आलोय.

रविवारी दुपारी रोनील आला. अंगात फुलाफुलांचा इस्त्री केलेला सदरा, केसांना तेल, हातात अननस. अंगणातल्या बांबूंवर पूजेचे लाल झेंडे फडफडत होते. तो त्यांच्याखालून वाकून आला, आजीच्या पाया पडला, माईला "नमस्ते आंटी" म्हणाला. नीलेशनीकडे त्याने बघितलं नाही. ती स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती.

ओसरीवर चटई घातली. माईने ताट वाढलं. मुद्दामच शिगोशीग वाढलं, यात मला शंका नाही. भाताचा डोंगर, त्यावर डाळ, डाळ वाहत जाऊन भेंडीला मिळालेली, भेंडीत चिंचेची चटणी शिरलेली. आणि मधोमध आजीचा सैना, खमंग, कुरकुरीत, सहा वड्या. दोन दिवसांची मेहनत.

"पोटभर जेव बाळा," माई म्हणाली. आवाजात साखर होती. ती समोरच बसली, मांडी ठोकून.

रोनीलने एक वडी उचलली. तोंडाला लावली. नीलेशनीने डोळे मिटले. खा, असं तिचं अर्धं मन ओरडत होतं. खाऊन टाक रे, सहा तर आहेत, नंतर बघू आपण. आणि उरलेलं अर्धं मन गप्प होतं.

ताटात वडी ठेवल्याचा आवाज आला. बारीकसाच. तिने डोळे उघडले.

त्याचे दोन्ही कान लालभडक झाले होते. सात वर्षांच्या पोराचा चेहरा होता तो, भरलेल्या पिशवीसमोर उभ्या असलेल्या.

"आजी," तो म्हणाला. "नको."

माईने वाढायचा डाव खाली ठेवला.

"मला सैना आवडत नाही. अळूने घसा खाजतो. तुम्ही दोन दिवस खपलात, मला माहीत आहे… पण नको. आणि भेंडीही नको. भातात डाळ कालवलेली पण…" त्याने मोठा श्वास घेतला, आणि मग बंधारा फुटल्यासारखा सुटलाच. "कोथिंबीर नको. कांदा नको. मला चटणी भाताला लागलेली चालत नाही!"

"झालं," माई म्हणाली. तिने गुडघ्यांवर हात ठेवले आणि उठायला लागली. "बघितलंस नीलू? ताट तसंच्या तसं आहे."

नीलेशनी चौकटीतून निघाली. ओसरी ओलांडून चटईवर आली, रोनीलच्या शेजारी टेकली, त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. त्याचं ताट तिने आपल्याकडे ओढलं. त्याने उचलून खाली ठेवलेली वडी तिने उचलली आणि सरळ तोंडात टाकली.

"नीलू!" माई किंचाळली. "उष्टं आहे ते!"

"हो," नीलेशनी भरल्या तोंडाने म्हणाली.

पुरुषाच्या उष्ट्या ताटात कोण जेवतं, ते बुलिलेकातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लग्नाची बायको. दुसरं कुणी नाही. नीलेशनीने दुसरी वडी खाल्ली. तिसरी खाल्ली. मग भात कालवला, डाळ, भेंडी, चटणी सगळं एक करून, आणि माईच्या डोळ्यांत डोळे घालून जेवत राहिली. घास गिळताना डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने पुसलंही नाही.

"पैज तू जिंकलीस, माई," शेवटचं शीत टिपून ती म्हणाली. "त्याने ताट संपवलं नाही. मी हरले. पण आता मी याचं उष्टं खाल्लंय. सिडनीला काय कळवायचं ते तू बघ."

"निर्लज्ज! कोडगी!" माईचा ओठ थरथरत होता. रागाने, आणि ज्याला ती राग म्हणत होती त्या भीतीने. "जमीन जाईल तेव्हा हा काय घालणार आहे तुला? बटाटा? आज अन्नाला नावं ठेवतोय, उद्या…"

"आंटी, मी नावं नाही ठेवली," रोनील म्हणाला. "आजपर्यंत ज्या ज्या घरी जेवलो तिथे सगळं छान म्हणालो. कारण ती घरं माझी नव्हती. हे पहिलं घर आहे जिथे नको म्हणालो. तुम्ही हाकला, मी जाईन. पण आता मी खोटं खाणार नाही." मग तो नीलेशनीकडे वळला, रविवारच्या भर दुपारी, दोन पिढ्यांच्या डोळ्यांदेखत. "आता विचार."

"काय?"

"काल जे खरं धरलं नाहीस ते."

नीलेशनीचे कान लाल झाले. आयुष्यात पहिल्यांदा. "…मी आवडते?"

"हो."

नुसतं हो. पण ते आता नकोच्या शेजारी बसलेलं होतं, आणि नीलेशनीने ते मुकाट्याने घेतलं.

आजीने सैनाचं उरलेलं पातेलं आपल्याकडे ओढलं, झाकण घातलं. लोक दोन नद्या ओलांडून यायचे त्या सैनाला कुणी पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं. रुसलीच असणार, माणूसच आहे. पण ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि चुलीकडे गेली.

"उपाशी बसलंय पोर," ती आतून म्हणाली. "रोटी खातोस ना रे?"

"खातो आजी. कडेला जरा करपलेली."

"करपलेली म्हणे! साठ वर्षं न करपवायला शिकले, आणि हा…" तव्याचा खडखडाट झाला.

माई उभीच होती. तिने रिकाम्या ताटाकडे बघितलं, मुलीच्या चिंचेने माखलेल्या हनुवटीकडे बघितलं, देव्हाऱ्याशेजारच्या फोटोकडे तर तिने दोनदा बघितलं. मग पदर खोचून आत गेली. भांडी आपटली. कुणालातरी काहीतरी बोलली, बहुतेक स्टोव्हला. बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला, अजून घुश्श्यातच.

"चहा तरी घेतोस का? की तोही नको?"

नीलेशनीने रोनीलकडे बघितलं. मग, नव्याने शिकलेल्या शब्दाची चव जिभेवर घोळवत म्हणाला, "घेईन आंटी. पण दूध घातलेला नको. दूध… वेगळं असेल तर."

आत भांड्यांची आदळआपट थांबली. आजीच्या तव्यावर रोटीची कड करपल्याचा वास येऊ लागला.

माई बाहेर आली. तिच्या एका हातात चहाचा पेला होता, दुसऱ्या हातात दुधाची वाटी. खाली बसून तिने दोन्ही त्याच्यासमोर मांडले. जरा विचार केला, आणि वाटी चार बोटं पलीकडे सरकवली, एकमेकांना लागू नयेत म्हणून.